दोन सूत, चार सूत

आमच्या घरात सूत म्हणजे बीमवर चढतं ते, कांडीवर भरतं ते. त्यामुळे एसी बसवायला आलेला पोरगा भिंतीकडे बघत “दोन सूत-चार सूत, तीन मीटरचं किट हाय” म्हणाला, तेव्हा पलंगावर पडलेले अण्णा उठून बसले. “किती काउंटचं रे?” पोरगा गोंधळला. अण्णांनी चाळीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर (माग दुरुस्त करणारे) म्हणून काढलीत, आणि काउंट म्हणजे सुताचा बारीकपणा, त्यामुळे त्यांचा प्रश्न बरोबरच होता. मग कळलं की या लोकांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंचाची बारीक तांब्याची नळी, चार सूत म्हणजे अर्ध्या इंचाची जाड. बारीक नळीतून गॅस इनडोअरकडे जातो, जाडीतून परत येतो.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. वरच्या मजल्यावर खोली, डोक्यावर स्लॅब आणि मागच्या गल्लीला लागून मागांचं शेड. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला गेला की रात्री बारालाही भिंतीला पाठ टेकवत नाही. खरं सांगायचं तर सोलापूरच्या कोरड्या हवेत कूलर झकास चालतो. पण तो दिवसाला दोन-तीन घागरी पाणी पितो, आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, आणि शेडमधून उडणारी पिंज (सुताचा बारीक कापूस) त्याच्या जाळ्यांवर बसून आठवड्यात गोधडी तयार होते. एका रात्री अण्णांना चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, या वयात उष्मा अंगावर काढू नका. म्हणून एसी.

बारा बाय बाराची वरची खोली, म्हणून दीड टन सांगितला. अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, “स्लॅब पेलंल का?” टन हे वजन नाही, एक टन बर्फ (अमेरिकेतला टन, आपल्या हिशेबानं ९०७ किलो) चोवीस तासांत वितळवायला जितकी उष्णता लागते तितकी उष्णता खोलीबाहेर फेकायची ताकद, हे मी त्यांना समजावलं. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण “मग बर्फाची लादीच आणायची की” असं म्हणाले. वायरिंग आधीच करून घेतलं होतं. मेन बोर्डापासून ४ स्क्वेअर एमएमची वेगळी वायर, वेगळी एमसीबी, नीट अर्थिंग. त्यात काही बिघडलं नाही.

बसवायला दोन पोरं आली आणि पाऊण तासात गेली. इनडोअर टांगलं, आउटडोअर मागच्या भिंतीला ब्रॅकेटवर, नळ्यांची तोंडं फुलवून नट आवळले. मग एकानं बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीनं थोडा उघडला, दुसऱ्यानं जाड नळीचा नट सैल केला, फुस्स करून दहा सेकंद वारं सोडलं आणि नट पुन्हा आवळला. “हवा काढली, सर.” खोली दहा मिनिटांत गार. मी खूश होऊन चहा पाजला, वर ३०० रुपये दिले. त्या फुस्सचा अर्थ मला दीड महिन्यानं कळला.

अठराव्या दिवशी गारवा गेला. पंखा चालू, आउटडोअर घरघरतंय, पण वारं नुसतं वारं. गॅलरीतून वाकून बघितलं तर बारीक नळीच्या व्हॉल्व्हवर पांढरा बर्फ. भर मे महिन्यात बर्फ बघून मला वाटलं मशीन जास्तच गार करायलंय! उलटं असतं. आमच्यासारख्या मशीनमध्ये गॅसचा दाब पाडणारा व्हॉल्व्ह आउटडोअरमध्येच असतो. गॅस कमी झाला की दाब फार खाली जातो, उरलासुरला गॅस वाटेतच उकळून संपतो आणि तिथंच बर्फ धरतो. खोलीपर्यंत गारवा पोचतच नाही.

त्यातलाच एक पोरगा आला, छोटी टाकी लावली, गेजवर सुई बघत गॅस सोडला, २,५०० घेतले. मीही स्कूटरला पेट्रोल घालावं तसं मुकाट दिले. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. फोनवर तो म्हणाला, “उन्हाळ्यात गॅस उडतो, सर.” मी पुन्हा टाकी आणायला सांगणारच होतो.

अण्णांनी अडवलं. “उडतो म्हंजे कुठनं उडतो? भोक दाव म्हणावं.” आणि एमसीबी पाडायला लावून स्वतः गॅलरीच्या कठड्याला धरून वाकले. आउटडोअरवर सगळीकडे पिंज बसली होती, पण ती कोरडी, फुंकर मारली की उडणारी. फक्त जाड नळीच्या नटाभोवती तीच पिंज काळपट, चिकट, भिजलेल्या वातीसारखी. अण्णांनी बोट लावलं, दोन बोटांत चोळलं, हुंगलं. “तेल हाय.” मागाच्या बेअरिंगमधून तेल पाझरलं की पिंज अशीच धरते, त्यावरून बिघडलेलं बेअरिंग ते लांबून ओळखायचे. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर नळ्यांतून फिरत असतं. गॅस जिथून निसटतो तिथं तेलाचा डाग ठेवून जातो.

शेजाऱ्यांनी एक म्हातारे मेकॅनिक सुचवले. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. पूर्वी द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर होते. “तिथं अमोनिया. गळला की नाकच सांगतंय. ह्याला वास नाही, म्हणून लोकांना गळती कळत नाही,” हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य, “गॅस संपत नसतो, सर. बंद नळीत फिरतोय तो. दहा वर्षं फिरंल. कमी झाला म्हंजे गळला.”

मास्तर सकाळी आठला आले. आधी देवघरातली समई विझवायला लावली आणि खिडक्या उघडल्या. आमचा गॅस आर-३२, तो थोडा ज्वलनशील असतो. मी कुठूनतरी वाचलेलं ज्ञान पाजळलं, की आतला गॅस पंपडाऊन करून आउटडोअरमध्येच कोंडता येतो. त्यांनी मान हलवली. गळकी लाइन असताना पंपडाऊन केलं तर कॉम्प्रेसर फटीतून हवा आत ओढतो, आणि हवा, तेल नि दाब एकत्र आले की कॉम्प्रेसर फुटू शकतो. शिवाय पहिल्या दिवशी व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं नळ्यांतली सगळी हवा ओढून काढणं, झालंच नव्हतं. त्या फुस्सनं थोडी हवा गेली, उरलेली हवा आणि तिच्यातला ओलावा आतच राहिला. ओलावा तेलात मुरतो, आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला खातं. म्हणून त्यांनी सगळा गॅस मशीननं वेगळ्या टाकीत ओढून घेतला. हवेत सोडणं सोपं होतं. पण हा गॅस हवेत गेला तर कार्बन डायऑक्साइडच्या पावणेसातशे पट तापवतो, हे आकडे मास्तरांना तोंडपाठ होते.

मग नट उघडला. नळीचं फुलवलेलं तोंड एका बाजूला जाड, एका बाजूला कागदासारखं, आणि मधोमध केसाएवढी चीर. कापल्यावर आतली धार न घासता तसंच फुलवलं होतं, वर पान्यानं जीव खाऊन आवळलं होतं. मास्तरांनी चार बोटं नळी कापली, तोंड खाली धरून रीमरनं धार काढली (कीस आत पडू नये म्हणून खाली), नट आधी नळीत घातला आणि मग फ्लेअर केलं, म्हणजे तोंड फुलवलं. नट आधी घालायचा विसरून पुन्हा कापावं लागलेलं मी एकदा पाहिलंय, पण ती गोष्ट निराळी. फ्लेअरवर तेलाचं एक बोट फिरवलं, नट हातानं शेवटपर्यंत बसवला, मग टॉर्क पाना, ठरलेल्या जोरापर्यंतच आवळायचा. कट् असा आवाज आला की थांबायचं. अण्णा खुर्ची ओढून गॅलरीतच बसले होते. “हात चांगला हाय,” एवढंच म्हणाले. हे प्रशस्तिपत्र मला आजवर मिळालेलं नाही.

पुढचं काम वाट बघण्याचं. नायट्रोजन भरून दाब टप्प्याटप्प्यानं ४०० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचं माप) नेला आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. इथं चुकूनही ऑक्सिजन वापरायचा नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट. बुडबुडा कुठंच नाही. तासाभरानं मी गेज बघितलं तर सुई ४१० च्या पुढे! मी ओरडलो. मास्तर हसले. “खाली गेली तर बोंबला. वर जाऊ द्या, ऊन आलंय.” भिंतीवर ऊन आलं होतं, नळ्या तापल्या होत्या, दाब वाढला होता.

नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम पंप लावला. यात मला सगळ्यात जास्त रस आला, कारण इथं माझ्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. सुई उणे तीसपर्यंत जायला हवी असं पुस्तिकेत होतं, आमची अठ्ठावीसच्या थोडी पुढे जाऊन थांबली. मास्तर म्हणाले, “सोलापुरात एवढंच येतंय बघा. मुंबईला काम केलं तेव्हा तीसच्या जवळ जायची. का ते मला विचारू नका.” मी शाळेत लिपिक असलो तरी विज्ञानाच्या सरांच्या शेजारी बसतो. रात्री हिशेब केला. हे गेज बाहेरच्या हवेच्या मानानं मोजतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, त्यामुळे आपल्याकडे हवेचा दाबच अठ्ठावीस इंच पाऱ्याच्या आसपास. जेवढी हवा आहे तेवढीच काढता येणार! म्हणून मास्तर त्या सुईवर विसंबत नाहीत. त्यांच्याकडे अगदी कमी दाब मोजणारा वेगळा मायक्रॉन गेज होता. पाऊण तासानं तो ५०० च्या खाली गेला. एवढ्या कमी दाबाला नळीतलं पाणी घरच्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन पंपातून निघून जातं. नुसती हवा काढणं आणि ओलावा काढणं यातला फरक तो हा. पंप बंद करून पंधरा मिनिटं थांबले. आकडा सातशेपर्यंत चढून तिथंच राहिला. चढतच गेला असता तर गळती किंवा पाणी.

गॅस भरणं मात्र पाच मिनिटांचं काम निघालं. आउटडोअरच्या पट्टीवर ८२० ग्रॅम लिहिलं होतं. टाकी इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली, काटा शून्य केला, उणे ८२० दिसल्यावर बंद. आमच्या नळीची लांबी पुस्तिकेतल्या मर्यादेत होती, म्हणून जादा घालायचं नव्हतं. पहिल्या पोरानं सुईवर भरला होता ना, असं विचारल्यावर मास्तर म्हणाले, “इन्व्हर्टर एसी हाय. कॉम्प्रेसरचा स्पीड बदलला की सुई बदलती. सुई बघून भरणं म्हंजे धावत्या बसचं वजन करणं.”

चालू केला. अर्ध्या तासानं जाळीत शिरणारी हवा २९ अंश, बाहेर पडणारी १५. रिमोटवर २४ दिसत होतं. जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगच्या खोल्यांच्या एसीला चालू होताना हाच आकडा यावा असा नियम आहे. अण्णांनी २७ वर नेला आणि पंखा लावला. तेवढं त्यांना पुरतं. मास्तरांनी आउटडोअरच्या अंगावर मार्करनं तारीख आणि ८२० लिहिलं, ४,२०० घेतले. पहिल्या खेपेचे २,५०० धरले तर मी मूर्खपणासाठी किती मोजले ते बायकोनं चारचौघांत सांगितलंय.

जूनमध्ये ढग आले आणि ड्रेनच्या नळीखालची बादली भरू लागली. मेमध्ये तिथं कसंबसं तांब्याभर पाणी यायचं, हवेत ओल नव्हती तर येणार कुठून. ते पाणी तुळशीला आणि फरशीला. दर रविवारी एसीची एमसीबी पाडायची आणि आउटडोअरच्या जाळीवरची पिंज मागाच्या जुन्या ब्रशनं काढायची, हे काम अण्णांनी आपणहून घेतलंय. मला हात लावू देत नाहीत, मी पात्या वाकवतो म्हणे.

परवा शेडचे मालक गल्लीतून ओरडले, “अण्णा, आमच्या हाफिसातल्या एसीतला बी गॅस संपलाय वं, तुमचा मेकॅनिक पाठवा की.” अण्णांनी मला मास्तरांना फोन लावायला सांगितलं. तोवर स्वयंपाकघरातून वाटीत साबणाचं पाणी करून घेतलं, चष्मा पुसला आणि जिना उतरायला लागले.