ट्रेलर ओढण्यासाठी जुना पिकअप निवडताना

मिशिगनमधल्या मराठी कुटुंबांत गाडी होंडाची किंवा टोयोटाची असणार हे जवळजवळ ठरलेलेच असते. त्यामुळे आम्ही जुना पिकअप ट्रक घेणार म्हटल्यावर ओळखीच्यांनी सर्वांत आधी मायलेज विचारले. आमची गरज मात्र वेगळी होती. चार माणसांना झोपता येईल असा ट्रेलर ओढत लेक सुपीरिअरपर्यंत जायचे होते, सामान-पाण्यासह त्याचे वजन ६००० पौंड, म्हणजे सुमारे २७०० किलो भरत होते, आणि हे काम उन्हाळ्यातल्या मोजक्या सुट्ट्यांपुरतेच असल्याने नव्या ट्रकची किंमत मोजणे पटत नव्हते. अशा कामासाठी अलीकडच्या ‘अर्धा टनी’ ट्रकपेक्षा वीस वर्षांचा, पण नीट राखलेला ‘पाऊण टनी’ ट्रक अधिक योग्य, असे माझे मत झाले आहे.

अर्धा टन आणि पाऊण टन ही आता केवळ रूढ नावे आहेत; प्रत्यक्ष वहनक्षमता त्याहून बरीच जास्त असते. फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हरॅडो १५०० आणि रॅम १५०० हे पहिल्या गटात मोडतात, तर एफ-२५०, सिल्व्हरॅडो २५००एचडी आणि रॅम २५०० दुसऱ्या. पहिल्या गटातल्या ट्रकच्या जाहिरातीत ९००० पौंड ओढण्याची क्षमता सहज लिहिलेली असते आणि खरेदीदार तिथेच निश्चिंत होतो. पण खरी मर्यादा बहुधा त्या आकड्याच्या पुष्कळ आधी येते. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग त्याच्या जोडदांड्यातून थेट ट्रकवर टेकतो. आमच्या बाबतीत तो सुमारे ७८० पौंड होता. त्यात माणसांचे ६००, वजन विभागणाऱ्या हिचचे (ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या सांध्याचे) ९० आणि हौद्यातल्या सायकली व सरपणाचे २०० मिळवले की बेरीज १६७० होते. आम्ही पाहिलेल्या एका अर्धा टनी ट्रकच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर माणसे आणि सामान मिळून कमाल १४५० पौंड अशी मर्यादा छापलेली होती. ट्रेलर क्षमतेच्या दोन तृतीयांश वजनाचा, तरीही ट्रक अतिभारित.

ऊस भरलेल्या ट्रॉलीमुळे ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली गेलेली ज्यांनी कोल्हापूर-सांगलीकडे पाहिली आहेत, त्यांना मागचा भार पुढच्या चाकांची पकड कशी हिरावतो हे समजावण्याची गरज नाही.

जुन्या जाहिरातींतले आकडे आणखी एका कारणाने जपून वाचावेत. ओढण्याची क्षमता मोजण्याचे एसएई (वाहन अभियंत्यांची संघटना) जे२८०७ हे सामाईक मानक २००८ साली आले. त्यातली एक कसोटी ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या लांब चढावर बेतलेली आहे. टोयोटाने ते २०११ च्या टुंड्रापासून पाळले, तर अमेरिकी कंपन्या २०१५ च्या सुमारास त्याकडे वळल्या. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडे काढत असे.

डिझेलचा मोह मी लवकर सोडला. ७.३ लिटरचे पॉवर स्ट्रोक आणि ५.९ लिटरचे कमिन्स ही इंजिने नावाजलेली आहेत, पण त्या नावाची किंमतही मोजावी लागते, आणि ६००० पौंडांसाठी त्यांची गरज नाही. २००३ ते २००७ मधल्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोकच्या ईजीआर कूलरच्या (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग) आणि हेड गॅस्केटच्या तक्रारी सर्वश्रुत आहेत. आम्ही ६.० लिटर पेट्रोल इंजिनाचा २५००एचडी शोधला, कारण त्या काळात त्याच्यासोबत ४एल८०-ई हा दणकट गिअरबॉक्स येत असे, तर १५०० मध्ये सहसा हलका ४एल६०-ई असे. मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर ग्लोव्ह बॉक्समधल्या पट्टीवरच्या संकेतांवरून कळते: जीटी४ म्हणजे ३.७३ आणि जीटी५ म्हणजे ४.१०. आकडा मोठा तितका चाकांवर ओढण्याचा जोर जास्त, म्हणून चढावर ट्रेलर ओढताना या फरकाचे महत्त्व अश्वशक्तीच्या गप्पांपेक्षा मोठे ठरते.

मिशिगनमध्ये सर्वांत जास्त वेळ मात्र गाडीखाली आडवे पडून घालवावा. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते फ्रेमच्या पोकळीत, स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांशी आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर साचते. फ्रेमवर छोट्या हातोडीने टकटक करावी. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळू लागले, तर इंजिन कितीही गोड चालत असले तरी निघून यावे. तळाला नुकताच काळाभोर रंग फासलेला असेल तर मी तो गुण मानत नाही, संशयाचे कारण मानतो. १९९९ ते २००३ च्या जीएम (शेव्हरोलेची मूळ कंपनी) ट्रकच्या गंजणाऱ्या ब्रेक-नळ्यांची अमेरिकी वाहतूक सुरक्षा संस्थेने चौकशी केली होती. २०१५ साली ती रिकॉलविना, म्हणजे कंपनीला गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवायला न लावता संपली, त्यामुळे त्या नळ्या तपासण्याचे आणि बदलण्याचे काम मालकावरच आले. याच गंजाच्या कारणाने आम्ही दक्षिणेकडच्या, रस्त्यांवर मीठ कमी पडणाऱ्या टेनेसीतला ट्रक निवडला. तिथवर जाण्याचा खर्च वेल्डिंगच्या खर्चापेक्षा निश्चितच कमी होता.

‘याने कधी काही ओढलेच नाही’ हे वाक्य विक्रेते फार सहज बोलतात. हौद्याच्या मधोमध गूजनेक हिचसाठी (जड ट्रेलर हौद्यातच जोडण्याची सोय) पाडलेले भोक किंवा घासून चकचकीत झालेला हिचचा गोळा वेगळे सांगत असतो. ओढलेले असणे हा दोष नव्हे. ओढूनही गिअरबॉक्सचे ऑइल न बदलणे हा दोष आहे. ते ऑइल तांबडे असावे. तपकिरी, जळका वास येणारे असेल तर दुरुस्तीचा खर्च गृहीत धरूनच भाव करावा. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष दाखवतात; दहा वर्षांचे टायर जाड दिसले तरी ट्रेलर ओढायला वापरू नयेत.

खरेदीनंतर गिअरबॉक्स, डिफरन्शिअल आणि ब्रेकचे द्रव बदलून घेतले आणि ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून चालवणारा ब्रेक कंट्रोलर बसवला. अनेक राज्यांत ३००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बंधनकारक आहेत आणि ते ट्रकमधूनच चालवावे लागतात. मग ट्रेलर जोडून, सगळे कुटुंब आत बसवून, हमरस्त्यावरच्या ट्रक स्टॉपमधल्या कॅट स्केल या वजनकाट्यावर वजन केले. तिथल्या पावतीवर पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांची वजने वेगवेगळी मिळतात. ट्रकचे कमाल अनुज्ञेय वजन ९२०० पौंड आहे आणि त्याच्या दोन्ही ॲक्सलची बेरीज त्याच्या बरीच आत आली. हिचच्या साखळीची एक कडी आवळल्यावर पुढच्या ॲक्सलचे हरवलेले वजनही बरेचसे परत आले.