अर्धवट कामासाठी एक खोली

गेली अनेक वर्षे माझे भरतकाम, शिवण आणि कागदकाम जेवणाच्या टेबलावर चालत असे. टेबल मोठे होते, उजेडही बरा होता, पण संध्याकाळ झाली की सगळे आवरावे लागे. शिवणयंत्र उचलून कपाटात ठेवायचे, बेतलेल्या कापडाच्या घड्या करायच्या, टाचण्या मोजून डबीत टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी तेच सगळे पुन्हा बाहेर काढायचे. त्यात जाणाऱ्या वेळाचे मला फारसे वाईट वाटत नव्हते. मात्र एके दिवशी लक्षात आले की मी कामेच तशी निवडू लागले आहे. एका बैठकीत संपणारी, लवकर गुंडाळता येणारी छोटी कामे तेवढी हातावेगळी होत होती आणि महिनाभर पसरून ठेवावे लागेल असे काम मी मनातल्या मनातच रद्द करत होते. म्हणूनच घरातली साधारण १० फूट बाय ९ फुटांची एक खोली मोकळी झाली तेव्हा मी स्वतःला बजावले की या खोलीत सामान ठेवायचे आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे अर्धवट काम जसेच्या तसे सोडून उठता आले पाहिजे.

हे ठरवूनही मी सुरुवात चुकीच्या टोकाने केली. आधी डबे आणले आणि मग त्यांत काय भरायचे याचा विचार केला. सगळे कापड एकीकडे, सगळा कागद दुसरीकडे, घरातल्या साऱ्या कात्र्या एका टोपलीत, सगळे डिंक एका खणात, अशी प्रकारवार विभागणी केली. खोली देखणी दिसू लागली. पण एक साधे शुभेच्छापत्र करायला बसले की कार्डशीटसाठी कपाटाकडे, पट्टीसाठी खणाकडे, कात्रीसाठी टोपलीकडे अशा फेऱ्या सुरू होत आणि हाताला लागलेली लय प्रत्येक वेळी तुटत असे. शेवटी मी एक वही जवळ ठेवली आणि पंधरा दिवस, खुर्चीवरून उठावे लागले की कशासाठी उठले ते तिच्यात लिहीत गेले. त्या नोंदी वाचल्यावर काय चुकले ते स्पष्ट दिसले. धातूची पट्टी, कटर आणि कागदाची कात्री या तीनच वस्तूंसाठी मी सर्वाधिक वेळा उठले होते, आणि त्या तिन्ही वस्तू हाताशी सोडून भलतीकडेच होत्या.

त्यानंतर मी मांडणी वस्तूंच्या प्रकारावरून न करता कामाच्या क्रमावरून केली. बेतणे आणि कापणे एका टेबलावर, शिवण खिडकीजवळ, डिंकाचे आणि रंगाचे काम दाराजवळच्या पुसून घेता येईल अशा पृष्ठभागावर, आणि प्रत्येक जागी तिथे लागणारी हत्यारे बसल्या जागी हात पोहोचेल एवढ्याच अंतरावर. त्यामुळे काही वस्तू दोनदा घ्याव्या लागल्या. पट्ट्या दोन झाल्या, मोजपट्ट्या तीन झाल्या. हा खर्च मला अजिबात वावगा वाटत नाही. कात्र्या तर वेगळ्या असायलाच हव्यात. कागद बनवताना त्यात खडूसारखी आणि चिनीमातीसारखी खनिजांची पूड मिसळलेली असते, ती पात्याची धार झिजवते आणि मग तीच कात्री मऊ कापडावर चालवली की कापड कापले जाण्याऐवजी पात्यांत दुमडते. माझ्या कापडाच्या कात्रीच्या मुठीला लाल फीत बांधलेली आहे आणि लाल फितीला हात लावायचा नाही, एवढे घरातल्या सर्वांना ठाऊक आहे.

टेबलाच्या उंचीकडे आपण फार दुर्लक्ष करतो. बसून लिहिण्याचे टेबल साधारण ७२ ते ७५ सेंटिमीटर उंच असते आणि शिवणाला ते चालते, पण तेवढ्याच उंचीवर वाकून अर्धा तास कापड बेतले की कंबर बोलू लागते. उभे राहून करायच्या कामासाठी पृष्ठभाग कोपरापेक्षा थोडा खाली असावा. मी उभी राहून कोपर वाकवले तेव्हा जमिनीपासूनचे अंतर १०० सेंटिमीटर भरले, म्हणून कापण्याचे टेबल लाकडी ठोकळ्यांवर चढवून ९२ सेंटिमीटरवर आणले. ठोकळ्यांना मधोमध खोबण करून घेतली, त्यामुळे टेबलाचे पाय सरकत नाहीत. टेबलावर ए१ आकाराची, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटरची कटिंग मॅट कायम अंथरलेली असते. आधीची मॅट मी भिंतीला टेकवून उभी ठेवत असे आणि दुपारचे ऊन तिच्यावर पडे. प्लॅस्टिकच ते, उन्हाने मऊ होऊन तिला मधोमध बाक आला आणि तो पुढे कधीच पूर्ण गेला नाही. बाक आलेल्या मॅटवर पट्टी डुगडुगते आणि रोटरी कटरची, म्हणजे गोल फिरत्या पात्याच्या कटरची, रेघ तिरपी जाते, तेव्हा मॅट सपाट आणि उन्हापासून दूर ठेवावी.

उजेडाविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण खोलीतल्या इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा उजेडानेच माझे काम अधिक सुधारले आणि त्यानेच एकदा बिघडवलेही. मी उजव्या हाताने काम करते, म्हणून खिडकी डाव्या बाजूला येईल अशी शिवणाची खुर्ची ठेवली, म्हणजे हाताची सावली सुईवर पडत नाही. रात्रीसाठी आधी पिवळसर प्रकाशाचा दिवा होता. त्या प्रकाशात मी एका फुलाच्या पाकळ्यांसाठी दोन लडींतले गडद लाल धागे एकच छटा समजून वापरले आणि सकाळी पाहते तो अर्ध्या पाकळ्या विटकरीकडे झुकलेल्या आणि अर्ध्या जांभळटाकडे. दोन रंग एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात, कारण त्यांतली रंगद्रव्ये वेगवेगळी असतात आणि प्रत्येक दिव्याच्या प्रकाशात सगळ्या रंगांचे प्रमाण सारखे नसते. दिव्याच्या खोक्यावर याविषयीचे दोन आकडे छापलेले असतात. एक केल्विनमध्ये असतो आणि तो प्रकाश पिवळसर आहे की पांढरा ते सांगतो. दुसरा सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतील याचा १०० पैकी आकडा. मी ४००० ते ५००० केल्विनच्या दरम्यानचा आणि ९० पेक्षा जास्त सीआरआय असलेला दिवा निवडला. तरीही रंग जुळवण्याचा अंतिम निर्णय मी दिवसा खिडकीपाशीच घेते.

त्याच खिडकीने मला दुसरा धडा दिला. भरतकामाच्या धाग्यांच्या लडी रंगांच्या क्रमाने उघड्या मांडल्या तर फार सुंदर दिसतात, म्हणून मी त्या खिडकीसमोरच्या फळीवर एका ओळीत लावल्या होत्या. काही महिन्यांनी एक निळी लडी उचलली आणि तिच्यावरची कागदी पट्टी सरकवली. पट्टीखाली मूळचा गर्द निळा रंग होता, आणि पट्टीच्या वर-खाली, जिथे ऊन लागत होते तिथे, तोच धागा धुरकट झालेला. दोन रंगांमधली सीमा इतकी स्पष्ट होती की जणू कोणी पट्टी लावून रेघ ओढली असावी. लडी उलटी केली तर मागची बाजू जवळपास ताजी. ती ओळच्या ओळ वाया गेली. तेव्हापासून सगळे धागे बंद खणात असतात आणि बाहेर राहतो तो फक्त छटांचा तक्ता. लडी सोडवून धागा पुठ्ठ्याच्या लहान पट्ट्यांवर गुंडाळते आणि छटेचा क्रमांक गुंडाळण्याच्या आधीच पट्टीवर लिहिते. सहा पदरांचा, आठ मीटरचा हा धागा ऐन मोक्याला संपतो, आणि क्रमांक हरवला असेल तर तीच छटा नजरेने शोधणे जवळजवळ अशक्य असते.

डबे पारदर्शक असावेत की नसावेत यावर बरीच चर्चा होते. माझा अनुभव असा की डबा कसाही असो, त्यावरची चिठ्ठी झाकणावर न लावता समोरच्या बाजूवर लावावी, आणि एकावर एक दोनपेक्षा जास्त डबे रचू नयेत, कारण तिसऱ्या डब्याखाली गेलेली वस्तू आपण वापरतच नाही. फळीची खोली ३० सेंटिमीटर पुरते. त्याहून खोल फळीवर मागे दुसरी रांग तयार होते आणि ती विसरली जाते.

कागदाचे वजन विचारात न घेतल्यामुळे माझी एक लांब फळी मधोमध झुकली. ए४ आकाराचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतात, त्यामुळे हिशेब सोपा आहे. ८० ग्रॅमच्या, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या, ५०० कागदांचा गठ्ठा अडीच किलोचा भरतो, आणि २५० ग्रॅमच्या कार्डशीटचे शंभर तावसुद्धा दीड किलोच्या वर जातात. आता कागदाच्या फळ्या आखूड आहेत आणि त्यांना मधे आधार दिला आहे. कार्डशीट मी आडवीच ठेवते, कारण सैल उभी ठेवली की तिला बाक येतो. कापडाची गोष्ट याच्या उलट आहे. एकाच मापाच्या पुठ्ठ्यावर गुंडाळून ते पुस्तकांसारखे उभे लावले की प्रत्येक तुकड्याची कड दिसते आणि खालचा तुकडा काढण्यासाठी वरचा ढीग विस्कटावा लागत नाही. तळहातापेक्षा लहान चिंध्यांसाठी एकच डबा आहे. तो भरला की आधी काही काढून टाकायचे आणि मगच नवे ठेवायचे, हा नियम मी अजून मोडलेला नाही.

मण्यांचे वेगळे सांगायला हवे. ११ क्रमांकाचा मणी जेमतेम दोन मिलिमीटरचा असतो. खणाखणांच्या चपट्या डब्यांत तो ठेवला आणि झाकण खणांच्या भिंतींना नीट टेकत नसेल, तर डबा उभा धरताच मणी फटीतून शेजारच्या खणात जातात. माझा असा एक डबा उभा राहिला आणि पांढरे, मोतिया आणि चंदेरी मणी एकमेकांत मिसळले. ते वेगळे करण्यात दोन संध्याकाळी गेल्या, आणि मोतिया व पांढरा यांतला फरक तर मला दिवसाच पाहावा लागला. आता प्रत्येक रंगाला फिरकीच्या झाकणाची छोटी बाटली आहे आणि कामाच्या ताटात लवदार कापड घातले आहे, त्यावर मणी घरंगळत नाहीत आणि सुईच्या टोकावर अलगद उचलता येतात.

इस्त्री आणि ग्लू गन यांना भिंतीतला स्वतंत्र सॉकेट दिला आहे, एकाच एक्स्टेंशनवर दोन्ही कधीच लावत नाही. तुटलेल्या सुया फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत जातात. उग्र वासाचे रंग आणि रेझिन या खोलीत न वापरता मोकळ्या हवेतच वापरते.

आणि आता ज्यासाठी ही खोली घेतली त्या गोष्टीकडे येते. खिडकीच्या विरुद्ध भिंतीला सहा उथळ, उघडे ट्रे आहेत आणि एका ट्रेमध्ये एकच चालू काम असते. त्यात कापड, धागा, सुई, नमुन्याचा कागद असे त्या कामाचे सगळे सामान एकत्र राहते, मग त्या वस्तूची मूळ जागा कुठेही असो. काम थांबवताना मी एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिते, पुढची पायरी कोणती आणि सुई-धाग्याचा क्रमांक कोणता. एका ट्रेवर सध्या ‘उजव्या बाहीचा काठ उलटून टाचला आहे, ८० क्रमांकाच्या सुईने शिवणे’ अशी चिठ्ठी आहे. तीन आठवड्यांनी परत आले तरी आठवत बसावे लागत नाही, मी यंत्रासमोर बसते आणि सुई ओवते. सहा ट्रे भरले की सातवे काम सुरू करत नाही. एखादा ट्रे वर्षभर हलला नाही तर ते काम मला खरोखर हवे आहे का, असा प्रश्न स्वतःला विचारते, आणि दोनदा ‘नाही’ असे उत्तर देऊन कापड सोडवून पुन्हा फळीवर लावले आहे. त्याचे मला दुःख झाले नाही.

ट्रेंच्या शेजारी भिंतीवर मी एक मोठा हलका फळा बसवून घेतला आणि त्यावर फ्लॅनेलचे कापड ताणून लावले. फ्लॅनेलच्या लवेला सुती कापडाचे तुकडे टाचणीविना चिकटून राहतात, त्यामुळे तुकड्यांच्या गोधडीचा सगळा नमुना उभा मांडून चार पावले मागे जाऊन पाहता येतो. जेवणाच्या टेबलावर ज्या कामाचा मी कधी विचारही केला नव्हता, ते हे काम. आज त्या फळ्यावर ४८ चौकोन लागलेले आहेत, आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत सहा, आणि गेले अकरा दिवस ते तिथेच आहेत. येता-जाता मी एखादा चौकोन काढते, दुसरीकडे लावून पाहते आणि दार ओढून घेते. तिसऱ्या ओळीतला गर्द निळा मला अजून खटकतो आहे. उद्या सकाळच्या उजेडात त्याच्या जागी राखाडी लावून पाहणार आहे.