कॅनडात मराठी बातमीपत्र चालवायचं तर वाचकांची यादी स्वतःकडे हवी

१ ऑगस्ट २०२३ पासून मेटाने कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या बातम्या बंद केल्या. 'ऑनलाइन न्यूज ॲक्ट'नुसार माध्यमांना पैसे द्यायची त्यांची तयारी नव्हती. बंदी परदेशी माध्यमांनाही आहे. टोरांटोत बसून मुंबईच्या दैनिकाचं फेसबुक पान उघडलं तरी बातम्या दिसत नाहीत. गूगलने माध्यमांना वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं कबूल करून या कायद्यातून सूट मिळवली, पण त्यात वाटा हवा तर साधारणपणे किमान दोन पत्रकार नियमित कामावर लागतात. ब्रॅम्प्टनचं एकहाती पंजाबी साप्ताहिक असो की मराठी बातमीपत्र, फटका पूर्ण बसतो आणि भरपाई काही नाही. हा सरळ अन्याय आहे.

आता लिंकऐवजी स्क्रीनशॉट फिरतात. त्यात तारीख कापली जाते आणि व्हिसाचा जुना नियम नव्याने पसरतो. म्हणून बातमीचं चित्र करताना तारीख आणि बातमीपत्राचं नाव मथळ्यातच घ्या. कोपऱ्यात ठेवलेलं हमखास कातरलं जातं.

व्हॉट्सॲप बंदीतून सुटलंय. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण मावतात, तेही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. चॅनेलवर कितीही लोक चालतात, मात्र त्यांचे नंबर तुम्हाला मिळत नाहीत आणि मजकूर सर्व्हरवर ३० दिवसच राहतो. तिथे मथळा, दोन ओळी आणि आपल्या साइटची लिंक एवढंच टाका, आणि दर वेळी ईमेल नोंदणी मागा. अंकात जाहिराती असतील तर स्पॅमविरोधी कायदा लागतो: वाचकाची संमती, तुमचा टपालाचा पत्ता आणि नाव काढून घ्यायची सोय हवी. कुणी नाव काढायला सांगितलं तर ते कामकाजाच्या १० दिवसांत काढावं लागतं.

एआयने काम हलकं होतं, पण सांभाळून. व्हिस्पर हे बोलणं लिहून देणारं एआय साधन ऑडिओ ३०-३० सेकंदांच्या तुकड्यांत ऐकतं आणि शांतता आली की कधीकधी कुणी न बोललेली वाक्यं लिहून मोकळं होतं. आधी रिकाम्या जागा कापा, मगच फाइल द्या. इमिग्रेशनच्या सरकारी पानांच्या भाषांतरात अपवादाच्या अटी निसटतात. वाक्य गुळगुळीत असल्याने चूक डोळ्यांत भरत नाही. मसुदा वाचण्याआधीच मूळ पानावरून तारखा, रकमा आणि प्रत्येक अट हाताने उतरवून घ्या, मग एकेक ताडून पाहा. मिलियनचं लाख झालं तर रक्कम दहापटीने घसरते. बातमीखाली मूळ पानाची लिंक आणि ते कधी पाहिलं ती तारीख द्या. ही पानं न सांगता बदलतात.