पोपाय हवा तो काळा-पांढराच

"वहिनी, हे सगळं यूट्यूबवर फुकट पडलंय हो!" न्यू जर्सीहून येताना जुन्या कार्टूनच्या डीव्हीडी बॅगेत कोंबून आणणारा माझा धाकटा दीर दरवेळी कुरकुरतो. आणतो मात्र.

फुकट पडलंय ते बऱ्याचदा काय असतं, बघा. फ्लायशर या अमेरिकी कार्टूनकार बंधूंचा पोपाय, म्हणजे पालक खाऊन ताकद कमावणारा खलाशी, पडद्यावर आला १९३३ साली, पॅरामाउंट स्टुडिओकडून. १९५६ मध्ये ही कार्टून्स टीव्हीसाठी ए.ए.पी. नावाच्या कंपनीला विकली गेली आणि तिने पॅरामाउंटच्या बोधचिन्हातला डोंगर कापून तिथे स्वतःची पाटी डकवली. पुढे १९८०च्या दशकात मालकी टर्नर या अमेरिकी टीव्ही कंपनीकडे गेल्यावर काळ्या-पांढऱ्या पोपायला रंग चढला. तोही मूळ फिल्मवर नाही, कोरियात चित्रं नव्याने गिरवून घेऊन! त्यात मूळ हालचालीतली लय गेली. केबलवर मी पहिल्यांदा पाहिलेला पोपाय हाच, रंगवलेला.

वॉर्नरचा २००७ चा संच (चार डिस्क, साठ कार्टून्स) लावला तेव्हा आधी नावंच दोनदा पाहिली. जहाजाचे दरवाजे सरकतात, आत नावं, दरवाजे बंद, परत उघडले की पुढची नावं. आणि मग राखाडी रंगाच्या इतक्या छटा, की हा रंगवावासा वाटला कुणाला, असा प्रश्न पडतो.

त्यातलं १९३६ चं सिंदबादचं कार्टून मात्र मुळातच रंगीत, दोन रिळांचं. सिंदबाद म्हणजे अर्थात ब्लूटो, पोपायचा नेहमीचा दाढीवाला वैरी. गाणं म्हणत तो आपल्या बेटावरून चालतो, तेव्हा मागचे खडक नीट बघा. ते चित्र नाहीये! फ्लायशरच्या माणसांनी खरंखुरं छोटं नेपथ्य बांधून फिरत्या टेबलावर ठेवलं होतं. पुढे काचेत धरलेलं पात्राचं सेल (पारदर्शक पत्र्यावरचं चित्र), मागे हे नेपथ्य. एकेक फ्रेम टिपायची आणि टेबल किंचित सरकवायचं. जवळचा खडक भरभर मागे जातो, लांबचा रेंगाळतो. यूट्यूबच्या एखाद्या धुरकट कॉपीत हे काय दिसणार, कपाळ!

युद्धकाळातल्या कार्टून्समधली जपान्यांची थट्टा बघवत नाही, हेही सांगते. पण कापून टाकण्यापेक्षा आधी सूचना देऊन अख्खं दाखवावं, या मताची मी आहे.

पत्र्याच्या डब्यातून येणारे डिस्नेचे डीव्हीडी संच हा वेगळा नाद. त्यातला ऑस्वाल्ड ससा माझा लाडका. १९२७ चा हा ससा डिस्नेच्या हातून गेला आणि लगेच मिकी जन्मला. २००६ मध्ये तो परत मिळवताना डिस्नेने त्या बदल्यात, सशाचे हक्क ज्यांच्याकडे होते त्या एनबीसी युनिव्हर्सल या टीव्ही-सिनेमा कंपनीला काय दिलं? आपल्या चॅनलशी करारबद्ध असलेला अल मायकल्स नावाचा क्रीडा समालोचक! दिराला हे सांगितलं तर त्याला मायकल्स माहीत, ससा नाही.

कुणी मागवणार असाल तर एक बघून घ्या. डीव्हीडी कुठल्या भागात चालेल याचा रीजन नावाचा क्रमांक असतो; अमेरिकेतल्या डिस्क बहुतेक रीजन १ च्या, आपला रीजन ५. ऑल-रीजन प्लेअर लागेल. आणि पोपायचा आवाज जरा वाढवून ठेवा. चित्रं आधी व्हायची, आवाज मागाहून भरायचे. त्यामुळे पोपायला आवाज देणारा जॅक मर्सर ओठ न हलणाऱ्या पोपायच्या तोंडी मनाला येईल ते पुटपुटायचा. अर्धे विनोद तिथेच आहेत.