लाल वर्तुळांतले अर्धविराम

प्रबंधाचं पहिलं प्रकरण मार्गदर्शक बाईंकडून परत आलं तेव्हा मजकुराबद्दल दोनच शेरे होते. अर्धविरामांभोवती मात्र लाल वर्तुळांचा सडा पडला होता. शाळेपासून डोक्यात एवढंच पक्कं बसलेलं की स्वल्पविरामाला थोडं थांबायचं, अर्धविरामाला जरा जास्त. त्यामुळे वाक्य लांबलं, दम लागला, की एक अर्धविराम टाकून मी मोकळा.

बाईंनी पहिल्याच वर्तुळावर बोट ठेवलं : 'सर्वेक्षण पूर्ण झाल्यावर; निष्कर्ष काढले.'

"उजवीकडचं झाक आणि वाच."

'सर्वेक्षण पूर्ण झाल्यावर'. पुढे काय? वाक्य अधांतरीच.

"इथे पूर्णविराम दिला असतास का? नाही ना? मग अर्धविरामही नको."

ही झाकाझाकी मी पुढचे तीन दिवस केली. निम्म्याहून जास्त अर्धविराम उडाले. काही ठिकाणी तर यादी सुरू करायला अर्धविराम दिला होता, तिथे हवा होता अपूर्णविराम (:). पण पूर्णविरामच चालतो तर मग अर्धविरामाचं काम काय, हे कळायला वेळ लागला. 'नमुने कमी होते; निष्कर्ष जपूनच वाचावेत.' मध्ये पूर्णविराम दिला की ही दोन सुटी विधानं होतात आणि त्यांचा संबंध वाचकाला शोधावा लागतो.

खरा घोळ 'पण'ने घातला. इंग्रजी लेखनाच्या मार्गदर्शिकेत असल्या जोडशब्दाआधी सहसा स्वल्पविराम सांगितलेला, म्हणून 'आकडे जुळले; पण कारण सापडलं नाही' यातला अर्धविराम मी इमानदारीत खोडला. बाईंनी तो परत घातला. उभयान्वयी अव्ययाने जोडलेली वाक्यं म्हणजे मराठी व्याकरणातलं अर्धविरामाचं ठरलेलं उदाहरण! विरामचिन्हं आपल्याकडे इंग्रजीवरूनच आली, इंग्रज कोशकार मेजर कँडींनी १८५० मध्ये त्यांच्यावर मराठीत पुस्तिकाही काढली; पण वापर आपल्या वळणाने रुळला.

यादीतला उपयोग मात्र लगेच पटला. 'शिक्षक, मुख्याध्यापक आणि शिपाई; आई, वडील आणि आजी-आजोबा' असं लिहिलं की दोन गट आपोआप वेगळे दिसतात. नुसत्या स्वल्पविरामांत शिपाई आणि आई एकाच रांगेत आले होते.

प्रबंध बांधून आला. ऋणनिर्देश बाईंना दाखवला नव्हता. त्यात छापलंय : 'मार्गदर्शक बाईंमुळे; हे काम पूर्ण झाले.'