तुम्ही विचारलंत म्हणून

‘वेगळं होण्याआधी मुलीकडे तरी बघायचं होतंस,’ हे वाक्य मी सांगलीत हळदीकुंकवाला ऐकले आहे आणि दवाखान्याच्या बाकावरही.

बघितले होते. किंबहुना इतकी वर्षे थांबले ती तिच्याकडे बघूनच, आणि आम्ही तिच्यासमोर कधी आवाज चढवला नाही याचा मला अभिमान होता. भांडण दिसले नाही की मुलांना सारे आलबेल वाटते, ही माझी तेव्हाची समजूत. आज ती मूर्खपणाची वाटते; पण दुसरे काय करायला हवे होते, हे आजही मला सांगता येणार नाही. आमच्या घरातली शांतता अशी होती : ‘बाबांना सांग, पान वाढलंय.’ ‘आईला सांग, मला उशीर होईल.’ दोघेही एकाच खोलीत असू आणि निरोप मात्र मुलगी पोचवीत असे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पाणी पुढे ५७ फुटांवर गेले. गावभागातल्या आमच्या घरात खालचा मजला बुडाला आणि आम्ही तिघे चार दिवस माडीवर अडकलो. वीज नव्हती. आठ वर्षांची मुलगी जिन्यात बसून, पाणी चढेल तशी पायरीवर खडूने रेघ मारीत होती. धान्याचे डबे आम्ही दोघांनी हातोहात वर घेतले. कागदपत्रांची फाईल आणायला गेलेले तिचे वडील लोणच्याची बरणी घेऊन वर आले, तेव्हा मेणबत्तीच्या उजेडात आम्ही पोट धरून हसलो. कित्येक महिन्यांत आम्ही एकमेकांशी थेट बोललो नव्हतो; त्या चार दिवसांत बोलण्यावाचून गत्यंतरच नव्हते.

पाणी ओसरल्यावर मी जिन्यातला चिखल खरवडत असताना तिने विचारले, ‘आई, परत पूर कधी येणार?’ मी तिच्या थोबाडीत मारली. लोकांचे संसार वाहून गेले आणि हिला पुराचे कौतुक, एवढेच मला त्या क्षणी दिसले. ती रडत म्हणाली, ‘मग आपण परत माडीवर राहू ना.’

पुढच्या वर्षी आम्ही वेगळे झालो. मुलांच्या ताब्याचा निर्णय शक्यतो त्यांच्या इच्छेशी सुसंगत असावा, असे हिंदू विवाह कायदा सांगतो. आमचा अर्ज संमतीचा, ताब्याबद्दल वाद नव्हता, म्हणून तिला कोणी विचारले नाही. कोर्टाचे सोडा, मीही विचारले नाही. उत्तर मला जिन्यातच मिळाले होते.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढू लागले, तेव्हा आम्ही दोघी विश्रामबागेत भाड्याने राहत होतो. ती वडिलांना फोनवर विचारीत होती, ‘कितव्या पायरीवर आलं?’ मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, ‘बाबा म्हणतायत, आईला सांग, सहावी.’

मी हातातले लाटणे खाली ठेवले नाही. म्हणाले, ‘त्यांना विचार, फाईल वर नेली का.’