आधी कागद, मग कापड

सोलापुरात कापडाच्या आधी कागद येतो, हे पूर्व भागात वाढलेल्या कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. जेकार्ड चादरीवरचा मोर असो की वेलबुट्टी, आधी ती ग्राफ पेपरवर चौकोन-चौकोनानं भरली जाते. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि त्या मागावर चढवायच्या. माझे वडील चादरींचे ग्राफ काढायचे. त्यामुळे गोधडीच्या टाक्यांतून चित्र उभं करायचं, म्हणजे ज्याला आता आर्ट क्विल्ट म्हणतात ते करायचं ठरवलं, तेव्हा कापडाला थेट कात्री लावावी असं मला वाटलंच नाही. आजीच्या इरकलचा तुकडा एकदा कापला की कापला. घोटीव कागद मात्र हवा तितका कापा, फेका, परत कापा. हात मोकळा होतो तो इथेच.

सध्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतल्या नंदीध्वजांवर काम चाललंय. सात उंच काठ्या, खाली पांढऱ्या बाराबंदीतला जनसागर, मागे सिद्धेश्वर तळ्याची कडा. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर कागदी पट्ट्यांच्या सातही काठ्या सारख्या अंतरावर मांडल्या, तर कुंपणासारखं दिसायला लागलं. मग तीन एका बाजूला दाटीनं, चार सुट्या, आणि त्यातलीच एक वरच्या कडेबाहेर गेलेली. त्याबरोबर मिरवणूक चालायला लागली! हे पेन्सिलीनं मला सापडलं नसतं. पेन्सिलीची रेघ कागदावर बसून राहते. कापलेली पट्टी बोटानं सरकवता येते.

म्हणूनच माझा आग्रह आहे, खळ लगेच लावू नका. मी तुकडे थर्माकोलवर टाचण्यांनी टोचून ठेवते आणि येता-जाता बघते. मातिस या फ्रेंच चित्रकाराचं 1941 साली मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या वर्षांत तो रंगवलेले कागद कापून चित्रं करू लागला. त्याचे मदतनीस ते आकार भिंतीवर टाचण्यांनीच लावायचे, आणि तो सांगेल तसे हलवायचे. चिकटवणं शेवटी.

रंगाची परीक्षा मोबाईलवर होते. फोटो काढायचा आणि कृष्णधवल करायचा. लाल ध्वज आणि मागचा हिरवा, डोळ्यांना किती वेगळे वाटत होते! फोटोत दोन्ही एकाच करड्या रंगाचे निघाले. हिरवा गडद केला तेव्हा ध्वज पुढे आला.

सगळ्यात जास्त वेळ गेला पांढऱ्यावर. वहीचा पांढरा, बटर पेपरचा, जुन्या वर्तमानपत्राच्या समासाचा पिवळट, लग्नपत्रिकेच्या आतला साईसारखा. गर्दी या फरकांतूनच दिसते, चेहरे काढायची गरज पडत नाही. कापडात त्यांच्या जागी धोतर, मलमल, मांजरपाट आणि आपला टॉवेल आला. टर्किश टॉवेलच्या फाशांमध्ये, म्हणजे दोऱ्याच्या वेटोळ्यांमध्ये, सावली अडकते, त्यामुळे तोच पांढरा मलमलीशेजारी मऊ आणि जरा गडद दिसतो. पण तो जाड. दुमडून शिवला तर शिवणीचा ढीग होतो. वर ठेवून कडेनं झिगझॅग मारणं बरं, नाहीतर फासे सुटत राहतात.

कागदाचं सगळंच कापडात उतरत नाही, आणि ते उतरवायच्या मागे लागूही नये. फाडलेल्या कागदाची पांढरी, केसाळ कड कितीही सुंदर असली तरी ती कागदाचीच. उलट कापडाला ताणा-बाणा आहे, कल आहे. काठ्या ताण्याच्या दिशेनं कापल्या की ताठ राहतात. तळ्याची वळणदार कडा उरेब, म्हणजे तिरकी, कापली तरच वळते. मापही बदलतं. चौकोन पाडून चित्र सहापट वाढवलं की कागदावरची 3 मिलिमीटरची काठी 18 मिलिमीटरची होते. दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच शिलाई धरली तर पट्टी साधारण 30 मिलिमीटर कापावी लागते. हे आधी लिहून ठेवलेलं बरं.

अमेरिकेत 1971 साली व्हिटनी म्युझियमनं जुन्या क्विल्ट भिंतीवर चित्रांसारख्या लावल्या आणि लोक त्यांच्याकडे चित्र म्हणून बघू लागले. आपल्याकडच्या वाकळी भिंतीवर गेल्या नाहीत, पण रंगाशेजारी रंग कुठला ठेवायचा याची समज त्या शिवणाऱ्या बायकांकडे होतीच. मला ती अजून शिकायची आहे, म्हणून कागद.

धावदोऱ्याचा आराखडा मात्र मी कागदावर करत नाही. वरचं चित्र, मधला भर आणि खालचं अस्तर असे तीन थर एकत्र आले की टाका कापडाला खाली ओढतो, मधे फुगवटा येतो, आणि तो कुठे यावा हे सुई हातात असतानाच कळतं. गर्दीत आडवे, जवळजवळ टाके घालतेय. काठ्यांवर अजिबात नाही.